बोचकं

गाडीत राहायचं म्हटल्यावर सगळ्यात अवघड काय, असं गेल्या दिवाळीपर्यंत कोणी विचारलं असतं तर मी बिनदिक्कत संडास म्हटलं असतं. चूक. संडासाला पेट्रोल पंप आहेत, ढाबे आहेत, ओळखीचे लोक आहेत. कपड्यांना कोणी नाही.

तर झालं असं. बायकोला आणि मला, दोघांनाही घरून काम करायची मुभा आहे. भाड्याच्या फ्लॅटचा करार संपत आला होता आणि मालकाने पुढच्या वर्षाचा आकडा सांगितला. तो ऐकून आम्ही ठरवलं की डिसेंबर ते मार्च असे चार महिने घरच नको. जुनी ईको घेतलेली होतीच. मागची सीट काढायची, फळी टाकायची, झोपायचं. सामान मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये. माझ्या डोक्यात हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये व्यवस्थित बसलेलं होतं.

सीट काढायच्या आधी थोडं वाचन केलं आणि थंड झालो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. म्हणजे युट्यूबवर दिसतं तसं गाडीला भोकं पाडा, कपाटं ठोका, छत उचला, हे आपल्याकडे मनात येईल तसं करता येत नाही. जे काही ठेवायचं ते उचलून बाहेर काढता यायला हवं. म्हटलं ठीक आहे. सीट तशीच ठेवली, पुढे दुमडली, आणि एका सुताराकडून प्लायचं सुटं कपाट करून घेतलं. तीन कप्पे, दोन दारं, वर चुंबकाची कडी. दिसायला झकास.

आता गणित बघा. १८ मिलीमीटर जाडीचा आठ बाय चारचा प्लाय साधारण ३२ किलो भरतो. कपाटाला एक अख्खा आणि दुसऱ्याचा थोडा तुकडा लागला. वर बिजागऱ्या, स्क्रू. म्हणजे पन्नासेक कपडे ठेवायला मी जवळजवळ ४० किलोचं लाकूड घेऊन फिरणार होतो. कपड्यांचं एकूण वजन? नंतर मोजलं, २३ किलो. डब्यापेक्षा डब्याचं झाकण जड म्हणतात तसला प्रकार! पण त्या वेळी हे मोजायचं सुचलं नाही. ऑफिसात सर्व्हरवरचा एक एक मेगाबाइट मोजणारा माणूस मी. असो.

चाचणी म्हणून दिवाळीला शिंदखेड्याला निघालो. माझं आजोळ. आईचं घर म्हणा हवं तर, कारण वडिलांच्या बदल्यांमुळे आमचं स्वतःचं असं गाव कधी नव्हतंच. चंदनापुरी घाटातल्या एका वळणावर चुंबकाने राजीनामा दिला, दार उघडलं आणि बायकोच्या डोक्यावर माझे तीन शर्ट, एक जीन्स आणि हँगर अशी पुष्पवृष्टी झाली. पुढच्या वळणावर दुसरं दार. शेवटी तिने ओढणीने दोन्ही दारं करकचून बांधली. मग धुळं येईपर्यंत ती काही बोलली नाही. सोनगीरला म्हणाली, "कपडे मावत नसतील, तर आपण मावतो का रे या गाडीत?"

प्रश्न कपाटाबद्दल नव्हता हे मला कळत होतं. मी तांब्या-पितळेच्या दुकानांकडे बोट दाखवून विषय बदलला. नरडाण्यावरून डावीकडे वळलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. दारात गाडी उभी राहिली तेव्हा मामी बाहेर आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "कपाट लई उना का रे भाऊ गाडीम्हा?" मग त्या जे हसायला लागल्या ते चहा होईपर्यंत.

या खेपेला शिंदखेड्यात अजून एक काम होतं, ते मी वर्षभर पुढे ढकललेलं. आई जाऊन सव्वा वर्ष झालंय. तिची पत्र्याची ट्रंक मामांकडे होती. लग्नात माहेराहून नेलेली, पुढे आमच्या दर बदलीत फिरलेली, आणि शेवटच्या दुखण्यात ती इथे राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर परत आलेली. ट्रंकेत चौदा साड्या. बहुतेक सुती, धुवून धुवून मलमल झालेल्या. दोन जरीच्या. कडुनिंबाचा वाळलेला पाला घड्यांमध्ये. डांबराच्या गोळ्या आईने कधी वापरल्या नाहीत, तिचं डोकं दुखायचं. (हे तिचं बरोबरच होतं. बंद गाडीत झोपायचं असेल तर त्या गोळ्या अजिबात नकोत, ती वाफ श्वासातून आत जाते.) मी ट्रंक उघडली आणि बंद केली. मामी म्हणाल्या, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांबरोबर शेतावर गेलो. बाजरी काढून झालेल्या तुकड्यात मेंढ्या बसवल्या होत्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मोकळ्या रानात दोन-चार रात्री मेंढ्या बसवल्या की लेंडीचं खत आपोआप शेतात पडतं, आणि त्याबद्दल शेतकरी मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो. वाडा ठेलाऱ्यांचा होता. ठेलारी म्हणजे धुळे-नंदुरबार-नाशिक पट्ट्यातले मेंढपाळ. पावसाळा संपला की ते चाऱ्यामागे निघतात, काही वाडे पार गुजरातपर्यंत जातात. सामान घोड्यावर. दत्तजयंतीला आमच्याकडून जवळच सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मी लहानपणी तो फक्त जिलेबीसाठी बघितलाय.

त्यांची निघायची वेळ झाली होती. मी एका उलट्या पाटीवर बसून बघत राहिलो. घड्याळ लावलं नव्हतं पण पंचवीस मिनिटांच्या आत एक अख्खं घर शेतातून नाहीसं होऊन दोन घोड्यांवर चढलं. आधी घोड्याच्या पाठीवर गोधड्या आणि कपड्यांची गाठोडी. वर नाही, खाली! मी तर कपडे शेवटी ठेवतो, चुरगळतील म्हणून. इथे कपडे म्हणजे घोड्याच्या पाठीला गादी. त्यावर दोन्ही अंगांना समान वजन, एकीकडे पीठ-धान्य, दुसरीकडे भांडी. मग बाज उलटी टाकलेली, तिच्या पायांमध्ये कोंबड्यांची पाटी, आणि सगळ्यात वर एक कोकरू आणि एक पोर. लोड बॅलन्सिंग या विषयावर आम्ही दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलंय, त्याला जेवणही होतं.

वाड्यातली एक आजी गाठोडं बांधत होती. जुन्या लुगड्याचा चौकोनी तुकडा, मध्ये कपडे, समोरासमोरची टोकं घेऊन एक गाठ, दुसरी गाठ, झालं. कपडे माणशी दोन-तीन जोड. रात्री हेच गाठोडं उशी होतं. पाऊस आला तर आत जातं, ऊन पडलं की सोडून वाळत घालायचं आणि मग त्याचं फडकंच चादर. रिकामं झालं की त्याला वजन नाही, आकार नाही. माझं कपाट रिकामं झालं तरी ४० किलोच राहतं.

जपानमध्ये अशाच कापडाला फुरोशिकी म्हणतात. २००६ साली तिथल्या पर्यावरण मंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून त्याचा मुद्दाम प्रचार केला होता. आपल्याकडे तेच 'बोचकं' झालं की एस.टी.त लोक नाक मुरडतात.

मी आजीला मोठ्या उत्साहाने सांगितलं, की आम्हीपण आता गाडीत राहणार, फिरत. मामांनी गाडी आणि त्यातलं कपाट यांचं वर्णन केलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इतला कपडा कसाले लागतस रे भाऊ?" मी हसलो. मग तिने काळजीने विचारलं, "तुले घर नही का?"

याला काय उत्तर द्यायचं? घर परवडत होतं पण मालकाचा राग आला? बदल हवा म्हणून? तिच्या एका सुनेच्या पायात चप्पल नव्हती. मुलांची शाळा, पावसात मरणाऱ्या मेंढ्या, चाऱ्यावरून होणारी भांडणं, हे मामा परत येताना सांगत होते. कमी सामान हे काही त्या लोकांनी पुस्तक वाचून ठरवलेलं नाही. "आहे," एवढंच मी म्हटलं होतं. ते खोटं होतं, निदान मार्चपर्यंत.

दुपारी कपाट उतरवलं. मामांनी ते कांद्याच्या खोलीत ठेवलंय, बियाण्याच्या पिशव्यांना उत्तम आहे म्हणतात. मग मामींनी स्वतःच ट्रंक पुढ्यात ओढली. तीन साड्या त्यांनी घेतल्या, दोन माझ्या मावसबहिणीला. चार अगदी विरलेल्या, त्यांची गोधडी होणार. मग पायमशीन काढली. दोन साड्या दुहेरी करून सहा गोल पिशव्या शिवल्या, उशीएवढ्या. तळाला माझ्या फाटक्या जीन्सचं कापड, तोंडाला साडीच्याच काठाची नाडी. सहाही पिशव्यांचं मिळून वजन सव्वा किलो. कपडे गुंडाळी करून भरायचे, घडी करून नाही. एका पिशवीत एक प्रकार, म्हणजे मोजे शोधायला सगळं उपसावं लागत नाही. रात्री त्याच उशा, दिवसा पाठीला लोड. हवा बंद करणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या मी आधी आणल्या होत्या. त्यांनी आकार कमी होतो, वजन नाही, आणि थोडा जरी ओलसर कपडा आत गेला की कुबट वास. सुती पिशवीला निदान श्वास घेता येतो.

आणखी एका साडीची झोळी झाली. गाडीतल्या आधीच्याच हुकांना दोन टोकं बांधायची, एकही भोक नाही, आणि खालच्या अंगाला ठेवायची. वजन वर टांगलं की वळणावर गाडी झुलते, हे कपाटाने शिकवलंच होतं. मळलेले कपडे झोळीत. "तुला याच साडीच्या झोळीत निजवायचे," मामी सहज बोलून गेल्या आणि दोरा तोडायला खाली वाकल्या. बायको उठून पाणी प्यायला गेली.

कपडेही कमी केले. २३ किलोचे ११ वर आणले. पाच जीन्स होत्या, एक राहिली. प्रत्येक जीन्स पाऊण किलोच्या आसपास, आणि वाळायला दोन दिवस. बायकोने माझ्यापेक्षा जास्त काढले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. परत येताना ती मागे पिशवीला टेकून झोपली होती. चंदनापुरीत काहीही पडलं नाही. घाट उतरल्यावर जागी झाली आणि म्हणाली, "चार नको, आधी दोन महिने करू. आणि तुझ्या त्या आजीने परत विचारलं तर काय सांगायचं ते ठरव." तेवढ्यावर सध्या आमचा समझोता आहे.

चौदातल्या बारांचा हिशोब लागला. एक जरीची कपाळाला लावून मामींनी घरच्या देवासाठी ठेवून घेतली. उरलेली, आईची लग्नातली, कापायची कोणाची हिंमत झाली नाही आणि ट्रंकेत परत ठेवायलाही कोणी तयार नव्हतं. एक्सेलमध्ये तिची ओळ आहे: पिशवी ६, वजन ६४० ग्रॅम, उपयोग हा रकाना रिकामा. बायकोने सगळ्या वस्तूंना 'न्यायची' किंवा 'नको' लिहिलं, या ओळीला तिने नुसता पिवळा रंग देऊन ठेवलाय.