व्हिडिओ गेमला नुसत्या शिव्याच का?

वस्तीत पालकांची बैठक घ्या, शिष्यवृत्तीचे अर्ज राहतात बाजूला, पहिली तक्रार ठरलेली असते. "पोरगं दिवसभर मोबाईलवर गेम खेळतं. तुम्ही समाजाची कामं करता, जरा दम द्या त्याला." आम्ही दम देत नाही. आम्ही विचारतो, कोणता गेम खेळतो? बहुतेक आईवडिलांना नाव सांगता येत नाही. ज्या गोष्टीचे नावही आपणास ठाऊक नाही, तिच्यावर बंदी घालण्याची आपल्याला फार घाई असते, असे आमचे निरीक्षण आहे.

वाचकहो, आमची पिढी तरी कुठे वेगळी होती? नव्वदच्या दशकात गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ पार्लर असायचे. नाणे टाकून आम्ही 'मुस्तफा' खेळायचो. त्या खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आहे, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. त्यातल्या एका गड्याचे नाव मुस्तफा, म्हणून खेळही मुस्तफा!

पुढे बी.कॉम. होऊन आम्ही कारकून म्हणून चिकटलो. कार्यालयात संगणक आले तेव्हा आयुष्यभर खातेवह्या लिहिलेले आमचे वरिष्ठ माऊसला हात लावायला घाबरत. चुकीचे बटण दाबले तर सगळे पुसले जाईल आणि मेमो आपल्या नावावर निघेल, ही धास्ती. त्यांना शेवटी शिकवले ते पत्त्यांनी. विंडोजमध्ये 'सॉलिटेअर' हा पत्त्यांचा खेळ १९९० पासून मिळत असे. माऊसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याची लोकांना सवय व्हावी, हाही त्यामागे एक हेतू होता. जेवणाच्या सुट्टीत काळ्या राजावर लाल राणी ठेवता ठेवता साहेबांचा हात कधी बसला, हे त्यांनाही कळले नाही. ट्रेनिंगच्या वर्गात जे झाले नाही ते असे झाले.

मुलांच्या बाबतीतले एक उदाहरण तर याहून बोलके आहे. जानेवारी १९९९ मध्ये डॉ. सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी येथे, आपल्या एनआयआयटी संस्थेच्या कार्यालयाच्या भिंतीत भोक पाडून इंटरनेट जोडलेला एक संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. शिकवायला कोणी नाही. मुलांना इंग्रजी जेमतेम, काही तर शाळेतही जात नव्हती. थोड्याच दिवसांत ही पोरे पडद्यावर फिरू लागली, चित्रे काढू लागली, गेम शोधून खेळू लागली. पडद्यावरच्या बाणाला ती 'सुई' म्हणत. थांबा असे सांगणारे वाळूचे घड्याळ दिसले की त्याला म्हणत 'डमरू'! कोणी शब्द दिले नव्हते, तर त्यांनी आपले शब्द पाडले.

पुढे टीकाकारांनी लिहिले की मुले तिथे मुख्यतः चित्रे आणि खेळ यांतच रमली, आणि मुलगे पुढे, मुली मागे असा प्रकार झाला. टीका खोटी नाही. परंतु 'नुसती खेळली' यातला 'नुसती' हा शब्द आम्हाला मान्य नाही. ज्या यंत्रासमोर बाप हात बांधून उभा राहिला असता, त्याच यंत्राशी पोर खेळणे समजून झटापट करते, यात काहीच घडले नाही काय? आज रेल्वेपासून बँकेपर्यंत बहुतेक भरती परीक्षा संगणकावर होतात. तिथे पहिल्यांदाच माऊस धरणाऱ्याची पाच-दहा मिनिटे तरी भीतीतच जातात.

आमच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. सातवीतला एक मुलगा तिथे येतो. वडील बिगारी काम करतात. गणिताचा तास आला की याच्या पोटात दुखायचे. हा 'टेट्रिस' खेळायचा. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये तयार केलेला, वरून पडणारे तुकडे जुळवण्याचा हा साधा खेळ. एका संध्याकाळी तो तीस-चाळीस वेळा हरला असेल. आम्ही आपले पावतीपुस्तक लिहीत शेजारी बसलेलो. प्रत्येक वेळी हा पुन्हा पहिल्यापासून सुरू! शाळेत चूक झाली की वहीवर लाल रेघ आणि वर्गाचे हसे. इथे चूक झाली की फक्त नवा डाव. "याच्या डोक्यात काही जात नाही" असे संगणक म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही विचारले, जमते कसे रे तुला? तो म्हणाला, "काका, कडेचा एक रकाना मोकळा ठेवायचा. लांब तुकडा येईपर्यंत घाई नाही करायची. आला की चार ओळी एकदम जातात." हे त्याला कोणी सांगितले नव्हते. हरता हरता त्याने शोधले होते. त्याचे गणित एकदम सुधारले असा दावा आम्ही करणार नाही. गेल्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ मिळाले. पण पूर्वी तो पेपर कोरा देत असे. या वेळी एकेक उदाहरण तीन-तीनदा खोडून पुन्हा केलेले होते. ती खाडाखोड पाहून आम्हाला जो आनंद झाला तो त्याच्या बाईंना झाला असेल की नाही, शंका आहे.

परदेशात यावर रीतसर संशोधनही झाले आहे. अमेरिकेत कॅन्सरग्रस्त मुलांसाठी व तरुणांसाठी 'री-मिशन' नावाचा गेम काढला. त्यात शरीरात शिरून कॅन्सरच्या पेशींवर गोळ्या झाडायच्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७५ रुग्णांच्या पाहणीत, हा गेम मिळालेल्यांनी औषधे अधिक नियमित घेतली असे दिसले. औषध का घ्यायचे हे त्यांना खेळातून पटले.

याचा अर्थ मोबाईल पोराच्या हातात देऊन मोकळे व्हावे असा नव्हे. सुटता न येणाऱ्या गेमच्या नादाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या यादीत जागा दिली, ती उगाच नाही. आणि पैसे लावायचा गेम हा आमच्या लेखी खेळ नव्हेच, तो जुगार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला, हे उत्तम झाले. आईचा मोबाईल, त्यात बापाच्या मजुरीचे खाते, आणि पोराला ओटीपी ठाऊक, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. तेव्हा माता-भगिनींनो, गेम कोणता, किती वेळ आणि त्यात पैसा मागतात काय, एवढे जवळ बसून विचारा. मुले फार आनंदाने सांगतात. त्यांना कोणी विचारतच नाही.

मुलींचे मात्र आम्हाला नियम करून घ्यावे लागले. मुलगे खुर्ची सोडत नसत आणि मुली मागे उभ्या राहून नुसत्या पाहत. आता बुधवार व शनिवार संध्याकाळ फक्त मुलींची. पहिल्या आठवड्यात दोघीच आल्या, आता बाकावर जागा पुरत नाही. संगणक एकच आणि मुली अकरा. कोणाच्या घरी माळ्यावर जुना संगणक पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी आम्हाला जरूर विचारावे. माऊस नसला तरी चालेल, तो आम्ही वर्गणीतून घेऊ.