वाटी-चमचा

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात बाळाच्या उष्टावणाला मामा वाटी-चमचा आणतो. ऐपत असेल तर चांदीचा, नसेल तर स्टीलचा. जामखेड तालुक्यातल्या एका सुनेने स्वतःच्या उष्टावणातली वाटी लग्नात सोबत आणली होती. काठाला पोचा, बुडाशी मामाचं नाव. इतकी वर्षं ती कपाटात पडून होती. बाहेर निघाली ती मुलाच्या उष्टावणाच्या कितीतरी आधी.

पोराच्या हृदयाला छिद्र होतं. हजार बाळांमागे आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. हे लेकरू दोन घोट ओढले की धापा टाकायचं, कपाळावर घाम यायचा आणि अर्ध्या पोटीच डोळे मिटायचे. वजन वाढलं की ऑपरेशन करू, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. वजन वाढायला दूध हवं आणि दूध ओढायला अंगात बळ नाही! मग अंगावरचं दूध वाटीत काढायचं आणि डोकं उंच धरून चमच्याने पाजायचं, दर दोन-अडीच तासांनी.

चमचा ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचा. थोडंसं ओतायचं. गिळलं का बघायचं, मगच पुढचं. "दमलं गं लेकरू, थांब जरा," सासू, म्हणजे आत्याबाई, म्हणायच्या आणि चमचा तसाच हवेत थांबायचा. चुलीवर वाटी उकळत असेपर्यंत चहाचं आधण खोळंबायचं. रात्रीची लाइट असली की नवरा मोटार चालू करायला मळ्यात, त्यामुळे मध्यरात्रीचं पाजणं आत्याबाईंकडे. थोरली लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "आज उलटी झाली का?" शेजारणी गुटी सुचवून जायच्या. सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

आत्याबाईंचा हात चमच्यावर बसलेला होता, त्याला कारण आहे. त्यांच्या माहेरी हगवण लागलेल्या पोराचं पाणी तोडत. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि ते चमच्या-चमच्याने पाजायचं. ही रीत अशाच एका बाईकडून आत्याबाई शिकल्या. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत साखर-मिठाचंच पाणी पाजून माणसं वाचवली होती. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आत्याबाईंना पुरस्काराचं ठाऊक नाही, प्रमाण मात्र तोंडपाठ.

२०२१ साली मुंबईतल्या एका बाळाच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी पैसे जमवले, केंद्राने करही माफ केला. त्या बातम्या व्हायलाच हव्यात. पण बहुतेक आजारी बाळांच्या घरात इंजेक्शनपेक्षा जास्त वेळ जातो तो पाजण्यात, फडकी धुण्यात, उलटी पुसण्यात. त्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर येत नाही. या पोराचं ऑपरेशन अखेर झालं, तेही सरकारी खर्चाने. तिथवर वजन आणलं ते या सासू-सुनांनी.

अशाच मदतीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि हृदयाच्या ऑपरेशनपर्यंतची सोय लावून देतं. गावात पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. तान्हं बाळ दूध पिताना घामेजत असेल, किंवा दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर पथकाचीही वाट बघू नका. आशाताईला हाक मारा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.