निर्गुडीची सुटलेली कामं

झाड गेलेलं नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या आसपास नाल्याकाठी निर्गुडी अजून उभी आहे. हाताच्या पंजासारखं पान, खालून पांढुरकं, निळसर तुरा, पाला चुरडला की उग्र वास. गेली आहेत ती तिची कामं.

कुड. तुराटी अन् निर्गुडीचे फोक विणायचे, वरून शेणमातीनं लिंपायचं. कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, भिंत अशीच असायची. आता घरकुलाला विटा-सिमेंट. मुकुटबनच्या भुईत चुनखडी आहे, 2022 पासून सिमेंटचा मोठा कारखानाही इथंच चालतो. म्हणजे भिंतीचा माल आधीही इथलाच होता, आताही इथलाच आहे. फक्त पूर्वी तो कोयत्यानं तोडून आणता यायचा.

ढोला. वीण तीच, आकार गोल. ज्वारी भरताना मधेमधे वाळल्या पाल्याचा थर द्यायचे, म्हणजे सोंडे कमी लागत. पत्र्याच्या कोठीनं ढोला मारला असं म्हणतात, ते अर्धंच खरं. मुळात वावरातली ज्वारीच कमी झाली. कपाशी अन् सोयाबीन वर्षभर खायला कोण साठवतो?

धुऱ्यावरचं कुंपण. गुरं निर्गुडीला तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला चाले. रानडुकराला मात्र तिच्या वासाचं काही नाही. आता तार अन् झटका मशीन.

पाण्याची खूण. हे काम फार जुनं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, लिहून ठेवलंय की निर्गुडीपाशी वारूळ असेल तर दक्षिणेला सव्वादोन पुरुष (हात वर केलेल्या माणसाएवढं माप) खोल गोड पाणी लागतं. बोअरची गाडी वारूळ बघत बसत नाही.

औषधाचं काम पुरतं सुटलेलं नाही, पण म्हाताऱ्या बायांपुरतं उरलंय. बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी पाला टाकून उकळायचं. सुजल्या गुडघ्यावर पान तेल लावून, तव्यावर गरम करून बांधायचं. सर्दीला वाफारा, डोकेदुखीला वाळल्या पाल्याची उशी. सूनबाई मेडिकलमधून निर्गुडी तेलाची बाटली आणते. ती आणायला हरकत नाही, पण झाड घरामागच्या नाल्यावर असताना बाटलीचे पैसे मला तरी जड वाटतात.

एक काम तेवढं परत आलं. दशपर्णी अर्कात कडुनिंब, सीताफळ, करंज, रुई यांच्यासोबत निर्गुडीचाही पाला पडतो; दोनशे लिटरच्या ड्रमात शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायचा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-मजूर दगावले. हा ड्रम त्याच्या आधीपासूनचा, पण त्या सालानंतर त्याच्याकडं बघायची नजर बदलली. तरी बोंडअळी दिसली की हात दुकानातल्या डब्याकडेच जातो. अर्क महिनाभर आधी घालावा लागतो, अळी सांगून येत नाही.

लावायची असेल तर बी शोधत बसू नये. पहिला पाऊस पडला की अंगठ्याएवढ्या जाडीचा, वीतभर फाटा धुऱ्यावर खोचावा, दोन डोळे मातीत जातील असा. एकदा धरली की पाणी मागत नाही. तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते.