न जिंकलेल्या लढाईचा सिनेमा

युद्धपट पाहून उठताना मान ताठ झाली पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा असायची. ‘बॉर्डर’ पाहताना तशी ती झाली होती. फौजेवर शंका घेणारा सिनेमा किंवा माहितीपट म्हणजे सीमेवरच्या माणसाचा अपमान, असं मी ठासून सांगायचो. श्रीलंकेतल्या यादवीच्या अखेरच्या महिन्यांवरचा ‘नो फायर झोन’ २०१४ मध्ये आपल्या सेन्सॉर बोर्डानं अडवला, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

आज मी त्याच्या नेमकं उलट बोलतो. २०१९ च्या फेब्रुवारीत पुलवामात आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले, मलकापूर आणि लोणार तालुक्यांतले सीआरपीएफचे दोन जवान गेले. ‘उरी’ तेव्हा थिएटरांत जोरात चालू होता. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांना गावातली पोरं पिक्चरला चला म्हणून आग्रह करत होती. काका म्हणाले, “आमचा पिच्चर काहाडला का कोनं? श्रीलंकेचा?”

कोणापाशीच उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी श्रीलंकेबद्दल वाचू लागलो.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि आपली फौज शांतिसेना म्हणून तिथं उतरली. ऑक्टोबरात ती एलटीटीई या तामिळ बंडखोर संघटनेशी लढत होती. याच संघटनेच्या पोरांना काही वर्षांपूर्वी भारतात प्रशिक्षण मिळालं होतं. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरनं उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांपैकी २९ मारले गेले, कारण रेडिओवरचं बोलणं शत्रूनं आधीच ऐकलं होतं. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. मुंबईत जन्मलेला हा अधिकारी छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे बाराशे जवान गेले होते. मद्रास बंदरावर स्वागताला जायला मुख्यमंत्री करुणानिधींनी नकार दिला.

“पयले हार घातले, मंग दारं लावून घेतली,” काका जाफनाबद्दल एवढंच बोलायचे.

दारं का लागली, हेही मला वाचावं लागलं. २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस. जाफनाच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळ्यांनी रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या. आकडा साठ-सत्तरच्या घरात सांगतात. आतून आमच्यावर गोळीबार झाला, असं फौजेचं म्हणणं होतं. हे वाचून मी दोन दिवस काकांकडे गेलो नाही. त्यांच्या डोळ्यांना डोळा कसा द्यावा, कळेना.

पण गेलो, आणि विचारलं. ते चिडले नाहीत. बराच वेळ बोलले. कधी नव्हे ते कुणीतरी विचारतंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. प्रश्नानं जवानाचा अपमान होतो हे माझं मत तिथं मोडलं.

अमेरिकेत व्हिएतनामवरच्या ‘हार्ट्स अँड माइंड्स’ला एप्रिल १९७५ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा सायगाव अजून पडलंही नव्हतं. आपल्याकडे श्रीलंकेवरचा ‘मद्रास कॅफे’ यायला फौज परतल्यावर २३ वर्षं लागली. सिनेमा चांगला आहे, धीटही आहे. पण त्याचा नायक गुप्तहेर आहे, जवान मागच्या गर्दीत. तामिळनाडूतल्या थिएटरांत तर तो लागलाच नाही.

१९८७ ला विशी-पंचविशीत असलेले हे शिपाई आज साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. बुलढाणा, अकोला, वाशीमच्या खेड्यांत ते सापडतील, त्यांच्या वऱ्हाडीत बोलतील. कुणीतरी कॅमेरा घेऊन आत्ताच त्यांच्याकडे जावं. तोच कॅमेरा जाफनाच्या रुग्णालयातून वाचलेल्यांकडेही न्यावा, आणि दोघांचं बोलणं एकाच माहितीपटात यावं. सेन्सॉर बोर्डानं तो अडवला, तर या वेळी मी विरोधात उभा राहीन.