दुसरी वही

डॉक्टरला रोगी दिसतो, मास्तरला पोरे दिसतात, शिंप्याला निदान आपण शिवलेला सदरा रस्त्याने जाताना दिसतो. मी ज्या कामाचा पगार घेतो ते काम मात्र कुणाला दिसत नाही, आणि ते कधी दिसू नये अशीच सर्वांची इच्छा असते. माजलगावच्या एका सहकारी संस्थेत मी संगणक विभाग सांभाळतो. 'विभाग' म्हणजे मी, माझ्या हाताखालचा एक मुलगा आणि एक थंडगार खोली. उन्हाळ्यात या खोलीला फार मान असतो. एरवी कुणी फिरकत नाही.

या खोलीत माझे मुख्य काम बॅकअपचे. सौ.च्या भिशीतल्या मैत्रिणींनी एकदा तिला विचारले, "तुमचे हे कचेरीत करतात तरी काय?" त्यावर ती म्हणाली, "जे एकदा लिहून झालंय तेच पुन्हा लिहून ठेवतात." मला राग आला, पण विचार करता करता लक्षात आले की याहून चोख व्याख्या मलाही करता आली नसती.

खरे म्हणजे हा धंदा आमच्या घराण्यात जुना आहे. माझे आजोबा मोंढ्यात एका आडत दुकानी मुनीम होते. रोजमेळ मिटला की ते दिवसभराच्या नोंदी एका दुसऱ्या वहीत उतरवीत आणि ती वही काखोटीला मारून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आपल्या बहिणीच्या घरी ठेवून येत. दुकानात कापूस आणि सरकी. आगीची भीती बारमाही. एवढ्यावर भागत नसे. दर अमावास्येला माझ्या वडिलांना, ते तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते, समोर बसवून दुसरी वही मोठ्याने वाचायला लावीत, आणि स्वतः पहिल्या वहीवर बोट फिरवीत. पोर खेळायचे सोडून 'जमा', 'नावे' करीत बसे. दादा ही आठवण फार कडवटपणाने सांगत. मीही ती ऐकून 'काय हा म्हाताऱ्याचा हेकटपणा' असेच म्हणत असे.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकात एक नियम मांडला आणि तो साऱ्या जगाने उचलला: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. आजोबांची एक प्रत कमी पडत होती, एवढेच. सौ.ला हा नियम सांगितला तेव्हा ती म्हणाली, "लोणच्याचं आम्ही तेच करतो. एक बरणी फडताळात, एक माळ्यावर आणि एक लेकीकडे."

तर दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. आमच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरचे नवे व्हर्जन आले होते आणि जुन्याला यापुढे आधार मिळणार नाही असे पत्र कंपनीकडून आले होते. या जातीचे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते आणि त्यातला बराच भाग आपल्या पुण्यात लिहिला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्हेरिटास कंपनीचे मोठे केंद्र पुण्यात होते. तिचा हा व्यवसाय डिसेंबर 2024 मध्ये कोहेसिटीत विलीन झाला. द्रुवा ही कंपनी तर 2008 साली पुण्यातच निघाली आणि तिच्या संस्थापकांत मिलिंद बोराटे हे एक. आमचे सॉफ्टवेअर मात्र या दोहोंपैकी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे घडले त्यात त्याच्यापेक्षा माझाच वाटा अधिक होता.

नव्या व्हर्जनमध्ये नवे काय, म्हणून व्यवस्थापक साहेबांनी मला बोलावले. मी म्हणालो, "साहेब, लग्नपत्रिका छापताना छापखानेवाला गणपती, वेलबुट्टी आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' दर वेळी नव्याने जुळवत नाही, नावे तेवढी बदलतो. तसे हे सॉफ्टवेअर सारखा मजकूर एकदाच साठवते आणि दुसऱ्यांदा आला की नुसती खूण करते. जागा वाचते." साहेबांना हे पटले, कारण त्यात बचत होती. "आणखी?" मी म्हणालो, "या प्रतीला मुदत लावता येते. मुदतठेवीसारखी. फरक इतकाच की ही ठेव मुदतीपूर्वी खुद्द मालकालाही मोडता येत नाही." हे कशासाठी, हेही सांगावे लागले. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद केले आणि इंग्लंडातल्या इस्पितळांना रोगी परत पाठवावे लागले. तेव्हापासून असल्या चोरांनी एक गोष्ट शिकून घेतली आहे: घरात शिरल्यावर आधी दुसरी वही जाळायची, मग पहिलीला कुलूप घालायचे. म्हणून दुसरी वही कुणालाच जाळता येऊ नये अशी सोय. साहेबांनी सही केली.

शनिवारी रात्री मुलाला घेऊन बसलो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आधी जुन्या व्हर्जननेच एक पूर्ण प्रत घेतली आणि कपाटात ठेवली. मग मुख्य सर्व्हर, मग एकेका संगणकावरचा त्याचा हस्तक, या क्रमाने सारे बदलले. पहाटे चारला पडद्यावर हिरवी खूण आली. आता एकच काम राहिले होते: नव्या व्हर्जनने घेतलेली प्रत दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उतरवून उघडून पाहणे. त्याला आणखी चार-पाच तास लागले असते. आणि रविवारी सकाळी मी मुलींना घेऊन कपडे घ्यायला बीडला जायचे कबूल केले होते. वाचकहो, मी बीडला गेलो.

पुढचे अकरा दिवस रोज सकाळी खोलीत जाऊन मी हिरवी खूण पाही आणि चहा मागवी.

बाराव्या दिवशी हिशेबाच्या सर्व्हरची एक डिस्क गेली. एक डिस्क गेली तरी अडू नये अशी रचना असते, त्यामुळे मी शांत होतो. नवी डिस्क घालून ती भरत असतानाच दुसरी गेली. तरीही मी मुलाला म्हणालो, "घाबरू नको, आपल्याजवळ कालची प्रत आहे." कालची प्रत उघडली. तीत पत्रव्यवहार होता, कर्मचाऱ्यांच्या रजांचे अर्ज होते, मागल्या गणपतीचे फोटोसुद्धा होते. हिशेब नव्हते. परवाचे नव्हते. तेरवाचेही नव्हते.

झाले होते ते अगदी साधे. नव्या व्हर्जनचा हस्तक निराळ्या नावाने काम करू लागला होता आणि त्या नावाला हिशेबाच्या खोलीची किल्ली दिलेलीच नव्हती. तो रोज रात्री दाराशी जाई, दार बंद पाही, 'काही वस्तू वगळल्या' अशी एक पिवळी नोंद आत कुठेतरी करी आणि बाहेरच्या पानावर हिरवी खूण काढी. कारण काम तर पार पडले होते. अशी पिवळी नोंद झाली की मला ई-मेल येत असे. पण अपग्रेडमध्ये ई-मेलची मांडणीही पुसली गेली होती. ई-मेल येत नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे मी धरून चाललो होतो.

नंतर मी वाचले, आणि वाचून थोडे समाधान झाले हे कबूल करतो, की मोठमोठ्यांचे असेच झाले आहे. गिटलॅब या प्रसिद्ध कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी एका माणसाकडून चुकून चालू माहिती पुसली गेली. बॅकअप पाहतात तो काहीच नाही. डेटाबेस पुढच्या व्हर्जनचा आणि प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या व्हर्जनचा, म्हणून तो रोज हात हलवीत परत येत होता, आणि त्याच्या तक्रारीच्या ई-मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. क्योटो विद्यापीठात तर डिसेंबर 2021 मध्ये बॅकअपचाच प्रोग्रॅम सुधारला. तो चालू असतानाच नवा मजकूर त्याच्यावर ठेवला गेला आणि त्याने 77 टेराबाइट, सुमारे 3 कोटी 40 लाख फाइली पुसून टाकल्या. राखणदारालाच नवा पोशाख चढवावा आणि त्याने कोठार रिकामे करावे, तसे.

पण त्या रात्री मला क्योटो ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते एवढेच, की दसरा ते दिवाळी हे आमच्या तालुक्यातले साधे दिवस नव्हेत. ऊसतोडीला निघणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात, त्यातले जे वाचवायचे ते ठेवतात आणि पाच-सहा महिन्यांसाठी पश्चिमेकडे नाहीतर कर्नाटकात निघून जातात. गेलेले अकरा दिवस नेमके त्यांचे होते.

अपग्रेडपूर्वीची प्रत तेवढी शाबूत होती. नव्या व्हर्जनने तिची जुनी सूची आपल्या भाषेत करून घ्यायला अख्खी रात्र घेतली, पण ती उतरली. मग अकरा दिवसांच्या पावत्यांचे गठ्ठे काढून आठ जणांनी चार दिवस त्या पुन्हा भरल्या. वसुबारस, धनतेरस कचेरीतच गेली. शेवटी सारे जुळले. एक दिवस सोडून. आमचे रोखपाल जुन्या वळणाचे. यंत्रात आकडा घातला तरी तिजोरीतल्या नोटांची मोजदाद ते हाताने वहीत लिहितात. त्या दिवशी त्यांच्या वहीत गठ्ठ्यापेक्षा चाळीस हजार अधिक होते. पावती कुठेतरी गळाली होती. तूट आली असती तर आम्ही वर्गणी काढली असती. जास्तीच्या पैशांचे काय करावे? ते कुणाचे तरी होते आणि ती व्यक्ती कदाचित एव्हाना कोल्हापूरच्या वाटेला लागली असेल.

त्या रात्री झोप लागेना म्हणून आजोबांची पेटी काढली. त्यातल्या काही दुसऱ्या वह्या अजून आहेत. कसर लागलेली नाही, शाई काळीभोर. पण सगळे मोडीत, आणि घरात मोडी वाचणारे आता कुणी नाही. 2023 साली मराठवाड्यात निजामकाळच्या नोंदी शोधायला निघाले तेव्हा हेच झाले. दप्तर होते, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे हुडकावी लागली. यंत्रांचेही तसेच. बॅकअपच्या एलटीओ टेपा घ्या. सातव्या पिढीपर्यंतचे यंत्र मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाची. आठवी आणि नववी पिढी मागची एकच वाचते. 2025 मध्ये आलेली दहावी तर स्वतःखेरीज कुणाचेच वाचत नाही. आधी आजोबांना विसरले, मग वडिलांना. आणि आमच्याच तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. तिथला रामचंद्रदेव यादवाचा शके 1232, म्हणजे 1310 सालचा ताम्रपट वा. वि. मिराशींनी सहा शतकांनंतर वाचून छापला.

नरकचतुर्दशीच्या दिवशी, अर्धा दिवसच कचेरी उघडी होती, एक बाई खिडकीशी आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, बरोबर दोन नातवंडे. बाहेर टेम्पोत बाकीचे कुटुंब भांड्याकुंड्यांसह बसले होते.

"सायेब, जाता जाता म्हनलं पुस्तकावर चढवून घ्यावं."

रोखपालांनी पुस्तक यंत्राला लावले. शेवटची नोंद गेल्या वैशाखातली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पुढे झालो. "मावशी, मधे पैसे भरले होते का?"

बाईच्या चेहऱ्यावर जे आले ते मी अजून विसरलो नाही. ती काही बोलली नाही. कमरेचा बटवा काढला, त्यातून प्लॅस्टिकची घडी, घडीतून आणखी एक घडी, आणि तीतून आमच्या शिक्क्याची पावती निघाली. चाळीस हजार. तारीख तीच.

नोंद केली, पुस्तक छापून दिले आणि शेजारच्या पोराकडून तिला रक्कम वाचून दाखवली. रोखपालांनी चष्मा काढून पुसला. मी म्हणालो, "मावशी, ही पावती इथं द्या. आमच्या गठ्ठ्यात लावतो."

"न्हाई सायेब," ती म्हणाली. "तुमच्यापाशी एक व्हतीच की. ही माझ्यापाशीच राहू द्या."

आणि पुन्हा घडीत घडी घालून ती टेम्पोकडे निघून गेली. मी त्या पावतीची झेरॉक्स काढायचे विसरलो होतो. मुलाला तिच्यामागे धावत पाठवावे लागले.