आमची हातचलाखी

एकत्र कुटुंबांत राहून हातचलाखीचा अभ्यास करणें म्हणजे भर बाजारांत बसून गुरुमंत्र जपण्यासारखेंच आहे. या विद्येला पहिली गोष्ट लागते ती एकांत. आणि ज्या घरीं दोन्ही वेळां १७ पानें मांडलीं जात, त्या आमच्या सदाशिव पेठेंतील वाड्यांत एकांताची म्हणावी अशी जागा एकच होती, व तिच्या दाराशीं सकाळीं नेहमीं कोणी तरी खोकत उभें असे. असें असूनहि १९८४ च्या गणेशोत्सवांत, वाड्यांतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत, २० मिनिटें जादूचे प्रयोग करून दाखविण्याचें आम्ही कबूल करून बसलों. आमचें वय तेव्हां ३४, धंदा कारकुनीचा, आणि भांडवल म्हणाल तर लहानपणीं पाहिलेल्या जादूगार रघुवीर यांच्या खेळांची आठवण व जुन्या बाजारांत मिळालेलें, पहिलीं पानें गळालेलें एक इंग्रजी पुस्तक.

फ्रान्समधील प्रख्यात जादूगार रोबेर-ऊदँ (१८०५–१८७१) हा मूळचा घड्याळजी. घड्याळांच्या विद्येचें पुस्तक मागितलें असतां दुकानदारानें चुकून जादूचें पुस्तक बांधून दिलें व त्यामुळें आपण या मार्गाला लागलों, असें त्यानें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत सांगून ठेविलें आहे. कारकुनाला असें चुकून कोणी कांहीं देत नाहीं. आम्हीं आमचें पुस्तक रोख पैसे मोजून, जाणूनबुजून घेतलें होतें. तेव्हां पुढच्या सर्व फजितीची जबाबदारीहि आमचीच.

आरशासमोर बसून सराव करावा, असा त्या पुस्तकाचा पहिला उपदेश. घरांत मोठा आरसा एकच, आणि तो वहिनींच्या खोलींत. दुपारीं त्या धान्य निवडावयास बसल्या म्हणजे आम्ही सुटीच्या दिवशीं तेथें शिरून रुपयाचें नाणें या हातांतून त्या हातांत दिल्याचा आभास करूं लागलों. पंधरा दिवसांत आमची अशी पक्की खात्री झाली, कीं आतां प्रत्यक्ष रोबेर-ऊदँ समोर बसला तरी फसेल. परंतु आरशाचा एक मोठा दोष आहे. ज्या क्षणीं लबाडी करावयाची, नेमक्या त्याच क्षणीं आपले डोळे आपोआप मिटतात. आपली चोरी आपणच पाहूं नये, अशी ही मनानें केलेली सोय असावी. त्यामुळें आरशांत आम्ही सर्वस्वीं निर्दोष दिसत होतों.

हा भ्रम वहिनींनीं घालविला. सूप हातांत घेऊन त्या दारांत केव्हां येऊन उभ्या राहिल्या तें आम्हांस कळलें नाहीं. "भावोजी," त्या म्हणाल्या, "नाणें त्या हातांत गेलें म्हणतां, मग तुम्ही सारखे या हाताकडे कां पाहतां?"

वहिनींचें हें बोलणें किती शास्त्रीय होतें तें आम्हांस फार उशिरां समजलें. २००६ सालीं कून व लँड या दोघां संशोधकांनीं इंग्लंडांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदां वर फेंकून झेलतो. तिसऱ्यांदा केवळ फेंकल्यासारखें करतो व चेंडू हातांतच राहतो. जेव्हां त्यानें स्वतः वर पाहिलें, तेव्हां पाहणारांपैकीं शेंकडा ६८ जणांना चेंडू वर जाऊन नाहींसा झाल्यासारखें वाटलें; जेव्हां त्यानें हाताकडे पाहिलें, तेव्हां अवघ्या ३२ जणांना. लोक हाताला फसत नाहींत, नजरेला फसतात. हें सिद्ध करावयास तिकडे यंत्रें लागलीं. वहिनींना सूप पुरलें.

नजर सुधारावयाची तर समोर पाहणारें माणूस हवें, आणि घरांतील कोणाहि पाहणाऱ्या माणसास गुपित सांगणें म्हणजे तें वाड्याच्या दिंडीवर लिहून ठेवणें. म्हणून आम्हीं एक युक्ति योजिली. माजघरांतल्या कोपऱ्यांत आमची आत्या वाती वळीत बसलेली असे. पंचाहत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ते पिकेपर्यंत थांबा असें डॉक्टरांनीं सांगितलेलें. आत्यासमोर बसून प्रयोग करावा, म्हणजे समोर माणूसहि झालें आणि गुपितहि सुरक्षित राहिलें, असा आमचा हिशेब.

पहिल्याच दिवशीं प्रयोग संपल्यावर वाती वळतां वळतां आत्या म्हणाली, "आतां केलेंस ना कांहीं तरी? तो रुमाल झटकण्याच्या आधीं?"

आम्ही चकित झालों. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. तिसऱ्या दिवशीं आम्हीं हात वेगळ्या वेळीं हालविला. तरी तिनें बरोबर जागा दाखविली. शेवटीं आम्हीं विचारलें, "आत्या, तुला दिसतें तरी किती? कळतें कसें?"

"दिसत कांहीं नाहीं रे. पण तुझ्या हातांत कांहीं लपलेलें असलें ना, कीं तूं फार बोलतोस. मोकळ्या हाताचा माणूस मधून मधून थांबतो."

आमच्या पुस्तकाच्या शिल्लक राहिलेल्या पानांत हें कोठेंहि नव्हतें. त्या दिवसापासून दीड महिना आम्ही गप्प राहण्याचा अभ्यास केला. नाणें लपवून पांच अंक मोजेपर्यंत थांबावयाचें, एखादा अगदीं साधा प्रश्न विचारावयाचा, आणि उत्तर खरोखरच ऐकावयाचें. हें शेवटचें फार कठीण. आत्याचा हात वातीवर थांबला कीं आम्ही चुकलों असें समजावें. वात वळली जात राहिली कीं साधलें.

मुख्य प्रयोग लोंकरीच्या गुंड्याचा ठरला होता. तो शंभराहून अधिक वर्षें जुन्या पुस्तकांतून छापला गेलेला असल्यामुळें फोडून सांगण्यास हरकत नाहीं. पाहुण्याकडून एखादी वस्तु मागून घ्यावयाची, ती रुमालाखालीं कोणाच्या तरी हातांत धरावयास द्यावयाची, रुमाल झटकतांच ती नाहींशी, आणि मग काचेच्या बरणींतला लोंकरीचा गुंडा उलगडत गेला कीं शेवटीं ती त्याच्या पोटांतून खणकन बाहेर पडावयाची! खरें पाहतां रुमालाच्या कोपऱ्यांत तशीच एक वस्तु आधींच शिवून ठेविलेली असते. धरणारा तीच धरून बसतो. मूळ वस्तु जादूगाराच्या हातांतच राहते, व गुंड्यांत खोंचलेल्या पत्र्याच्या चपट्या नळींतून आंत सोडली जाते. नळी काढून गुंडा दाबला कीं मागमूस उरत नाहीं. नळी आम्हीं बोहरी आळींतून करवून आणली. लोंकर वहिनींची. नळींतून वस्तु उतरतांना होणारा बारीक आवाज आत्यानेंच पकडला, आणि गुंड्याच्या पोटांत फलालीनचा तुकडा घाल, असें तिनेंच सुचविलें.

पुस्तकांत या प्रयोगासाठीं अंगठी सांगितली होती. वहिनींची मागून घेऊं, असें आम्ही सहज बोललों. आत्याचा हात थांबला.

"अंगठी नको."

"कां ग?"

"नको म्हटलें ना! नाणें घे. नाणें कोणाचेंहि असतें."

तेव्हां आम्हांस एकाएकीं आठवलें. १९६१ ची होळी. आम्ही ११ वर्षांचे. पुरण वाटतांना आमच्या आईनें बोटांतली माणकाची अंगठी काढून आत्याजवळ दिली होती, आणि जेवणें झाल्यावर ती सांपडेना. कोनाड्यांत ठेवली होती, असें आत्या म्हणाली. त्या दिवशीं स्वयंपाकघरांत घरच्यांखेरीज एकच माणूस होतें: आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या काकू. त्यांना कोणी चोर म्हटलें नाहीं. फक्त निघतांना त्यांची पिशवी एकदां उघडून पाहिली. दुसऱ्या दिवसापासून काकू आल्या नाहींत. नदीकांठच्या एका खोलींत त्या मुलासह राहत. त्याच वर्षीं १२ जुलैला पानशेतचें धरण फुटून जो पूर आला, त्यांत ती खोली गेली, आणि काकू पुणें सोडून गेल्याचें कानावर आलें. आई १९७५ सालीं वारली. अंगठीचें नांव मग घरांत कोणी काढीत नसे. आम्हीं रुमालाच्या कोपऱ्यांत रुपया घालून दिला. आत्यानें तो हातानें चांचपून, टांके मोजीत शिवला.

जादूच्या खेळाला दोन अर्धें असतात, आणि नवशिक्याचा सगळा जीव पहिल्यांत असतो. वस्तु नाहींशी करणें तितकें अवघड नाहीं. ती परत येण्यावर खेळ अवलंबून. ९ एप्रिल १९५६ रोजीं लंडनच्या बी. बी. सी. वर आमच्या देशाचे पी. सी. सरकार यांनीं एका मुलीला करवतीनें कापण्याचा खेळ केला. ती उठून बसण्याच्या आंतच कार्यक्रम संपल्याचें जाहीर झालें. मुलगी मेली अशा समजुतीनें लोकांनीं दूरध्वनि करकरून कचेरी हैराण केली. मुलगी सुखरूप होती. परंतु ती तशी असल्याचें लोकांना दिसलें नव्हतें.

आमचा दिवस उजाडला. वाड्याच्या चौकांत सतरंज्या, समोर मुलें, मागें खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी. आत्यानें आपला पाट अगदीं पुढें मांडावयास लावला. सुरुवातीचे दोन किरकोळ खेळ पार पडले, एकांत पुतण्यानें मागून "काकांच्या बाहींत आहे!" अशी आरोळी ठोकली, व ती चुकीची निघाल्यामुळें आमचा मान वाढला. नंतर शेजारच्या एका वृद्ध मास्तरांचा रुपया घेऊन त्यावर त्यांच्याकडून खूण करविली, आणि रुमालाचा कोपरा समोरच्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं दिला. आम्ही पांच अंक थांबलों. मुलाला त्याची इयत्ता विचारली. उत्तर ऐकलें. रुमाल झटकला. रुपया गेला! सगळा चौक त्या मुलाकडे पाहूं लागला. "मी नाहीं घेतला," असें तो इतक्या कळवळून म्हणाला कीं लोक हांसले, आणि तो रडवेला झाला. हा भाग आमच्या पुस्तकांत नव्हता.

पुढें गुंडा बरणींत टाकला, व लोंकर ओढण्याचें काम त्याच मुलाला दिलें. अर्ध्यावर धागा गुरफटला. तो सोडवितां सोडवितां दोन मिनिटें तरी गेलीं असतील. आम्हांस तीं दोन तास वाटलीं. एवढा वेळ कोणी बोललें नाहीं, तसें आम्हीहि नाहीं. मग रुपया बरणींत पडला. मुलानें स्वतः तो काढून मास्तरांकडे नेला आणि खूण दाखविली. टाळ्या मुख्यतः त्यालाच पडल्या, व तें योग्यच झालें.

रात्रीं आत्यानें आम्हांस हांक मारली. "रुपया सगळा वेळ तुझ्याजवळच होता ना?"

"होय."

"आणि माणसें त्या पोराकडे पाहत होतीं."

"होय, आत्या."

ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें आपली ट्रंक ओढावयास सांगितली. लुगड्यांच्या तळाशीं वातींच्या कापसाची एक जुनी पिशवी होती, आणि कापसांत आईची अंगठी. होळीच्या गडबडीत सुरक्षित जागा म्हणून तिनेंच ती कापसांत खुपसली होती, व विसरून गेली होती. पुराच्या नंतरच्या श्रावणांत वातींसाठीं कापूस पिंजतांना ती हाताला लागली. काकू तेव्हां गांव सोडून गेल्या होत्या. घरांत बोलावें तर आमच्या वडिलांचा राग. आज सांगूं, उद्यां सांगूं म्हणतां २३ वर्षें गेलीं.

दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या वेळीं तिनें ती अंगठी सर्वांच्या देखत दादांच्या पानाजवळ ठेविली व सगळें सांगितलें. त्या दुपारीं आमच्या घरांत वाढणाऱ्यांच्या पावलांचाहि आवाज झाला नाहीं. काकूंच्या मुलाचा सांगलीकडचा पत्ता मिळावयास आठ दिवस लागले. आम्ही लिफाफा आणीत होतों, आत्या म्हणाली, "कार्डच आण. वाटेंत कोणीं वाचलें तरी वाचूं दे."

तिनें सांगितलें तसें आम्ही लिहूं लागलों. 'अंगठी सांपडली' एवढें झाल्यावर तिनें आम्हांस थांबविलें, वाचून दाखवावयास लावलें, आणि तें खोडून 'अंगठी मींच ठेविली होती' असें लिहावयास सांगितलें.

उत्तर दिवाळीच्या आधीं आलें. अक्षर मुलाचें, बोल काकूंचे. प्रकृति बरी आहे, नातवंडें आहेत, आत्याबाईंनीं डोळ्यांची हयगय करूं नये, अशा चार ओळी, आणि शेवटीं एक प्रश्न: वहिनींना अखेरपर्यंत काय वाटत होतें? आम्हीं तो दोनदां वाचून दाखविला. आत्यानें वाती बाजूला ठेविल्या, हात पुसले, आणि दुसरें कार्ड आणावयास सांगितलें.