शहाबादी फरशीवरची पांढरी रेघ

"मावशी, वळला! आपोआप वळला!" भाचा ओरडला तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि साताऱ्याच्या घरी माजघरात आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडलो होतो. समोर पांढरे कार्डशीट एकमेकांना चिकटवलेले, त्यांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा मोठा लंबगोल, आणि त्या टेपवरून वीतभर लांबीची, पिवळ्या मोटारींची एक गाडी कुणाचाही हात न लागता चालली होती. वळण आलं. गाडीचं नाक जरासं बाहेर गेलं, थबकलं आणि परत रेघेवर आलं. मी बावन्न वर्षांची आहे, हिशेब तपासण्यात सगळी नोकरी गेली. स्वतःच्या हातांनी जोडलेली वस्तू स्वतःची वाट शोधताना मी पहिल्यांदा पाहिली, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये!

सामान पुण्यातलं. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. त्या बाजूने मी शेकडो वेळा गेले असेन, आत कधी शिरले नव्हते. भाच्याला शाळेसाठी 'लाइन फॉलोअर', म्हणजे रेघेवरून चालणारी गाडी, करायची होती म्हणून शिरले. काउंटरवरच्या मुलाने न विचारता एकेक वस्तू पुढे मांडली: दोन बीओ, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, मोटारी, दोन चाकं, पुढचं भिरभिरणारं छोटं चाक, मोटर ड्रायव्हर, दोन आयआर सेन्सर, बॅटरीचा डबा, जंपर वायरींचा जुडगा आणि एक आर्डुइनो उनो, म्हणजे गाडीचा मेंदू होणारा छोटा बोर्ड. चौघांच्या हॉटेलातल्या जेवणाच्या खर्चात सगळं पिशवीत!

हे आर्डुइनो प्रकरण २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात, डिझाइन शिकणाऱ्या मुलांना सोपं पडावं म्हणून जन्माला आलं. तो बनवणाऱ्यांनी त्याचा आराखडा सगळ्या जगाला खुला केला, म्हणून तर तसा बोर्ड आज कुणीही बनवू शकतं आणि पेठेतल्या दुकानात तो इतक्या स्वस्तात मिळतो. उनोची कामाची स्मृती (रॅम) फक्त २ किलोबाइट. तुम्ही वाचताय तो हा लेखसुद्धा त्यात मावणार नाही. आणि तेवढ्यावर तो रस्ता ओळखतो!

जोडताना पहिला धडा मिळाला तो ड्रायव्हरचा. मला वाटलं होतं, मोटारीची वायर थेट उनोला लावायची. पण उनोची एक पिन जेमतेम २० मिलिअँपिअर देते आणि मोटारीला त्याच्या कित्येक पट लागतात. म्हणून मधे ड्रायव्हरचा तो लाल बोर्ड बसवायचा. उनो फक्त हुकूम देतो, ताकद बॅटरीतून येते. पहिल्यांदा बटण दाबलं तर गाडी जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. एक मोटर उलटी फिरत होती. तिच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि गाडी सरळ धावली. एवढंच! पण दोष कुठे आहे ते आपण शोधलं आणि आपल्याच बोटांनी दूर केलं, याचा आनंद काय सांगू.

आणि ते सेन्सर! नखाएवढी दोन मण्यांची जोडी, एक पारदर्शक, एक काळा. पारदर्शक मणी इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, काळा तो परत आलेला टिपतो. पांढऱ्यावरून प्रकाश परततो, काळ्यात जिरतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग भाचा म्हणाला, "मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघ." बघितलं तर मण्याच्या पोटात फिकट जांभळा दिवा जळत होता! मोबाइल बाजूला केला की गायब, पुढे धरला की हजर. मी ते दहा-बारा वेळा तरी केलं असेल. आपल्या घरात, आपल्या समोर असा प्रकाश असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

नियम तर दोनच ओळींचे. रेघ दोन्ही सेन्सरांच्या मधे ठेवायची. डाव्या सेन्सरला काळं लागलं तर डावं चाक थांबव, उजव्याला लागलं तर उजवं. कुठेच काळं नसेल तर सरळ जा, दोन्हीकडे काळं असेल तर मुक्काम आला, थांब. गाडीला लंबगोल म्हणजे काय ते ठाऊक नाही, पुढे वळण आहे हेही ठाऊक नाही. ती सेकंदाला हजारो वेळा एकच प्रश्न विचारते, आत्ता पायाखाली काय आहे? आणि त्यातून ते डौलदार वळण तयार होतं. ते कुणी लिहिलेलंच नाही! माझ्या लेखी सगळी जादू इथे आहे.

सकाळी आई उठली. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाली, "कागदावर कशाला चालवताय? घरभर फरशी आहे की." आमच्या घरात जुनी शहाबादी आहे, पन्नास वर्षं पुसून पुसून काळीभोर झालेली. आईने खडू ओला केला आणि उंबऱ्यापासून देवघरापर्यंत एक रेघ ओढली, गौरी आणताना पावलं काढते त्याच वाटेने.

गाडी ठेवली. हलेना.

वायरी तपासल्या, बॅटरी बदलली. मग भाच्याच्या लक्षात आलं. फरशी काळी, रेघ पांढरी! दोन्ही सेन्सरांखाली काळं, म्हणजे गाडीच्या मते मुक्काम आलेला. ती आपलं काम चोख करत होती. सगळं उलटं करायचं होतं आणि आर्डुइनोच्या भाषेत 'नाही' म्हणायला लागतं फक्त एक उद्गारचिन्ह! दोन सेन्सरांच्या नावांच्या आधी त्याने दोन उद्गारचिन्हं टाकली, मी पेचकसाने सेन्सरवरच्या निळ्या ठोकळीचा स्क्रू पिळून त्याची नजर फरशीच्या रंगाला जुळवली, आणि गाडी निघाली देवघराकडे.

खांबापाशी काटकोन होता. तिथे ती रेघ सोडून सरळ भिंतीवर. तीनदा तसंच झालं. आईने ओल्या फडक्याने तो कोपरा पुसला आणि तिथे गोलाई काढली, हात न उचलता, एका झटक्यात. "ठिपक्यांच्या रांगोळीतसुद्धा कोपरा असा मारायचा नसतो, हात अडतो," म्हणाली. गाडी त्या गोलाईवरून सुळकन गेली! दोन सेन्सरांच्या गाडीला काटकोन समजायला वेळच मिळत नाही. ती थांबायच्या आत रेघ मागे पडलेली असते. हे मी नंतर वाचून समजून घेतलं, आईला ते हाताने माहीत होतं.

अकराच्या सुमारास मात्र गाडी बिथरली. एकाच ठिकाणी येऊन वेड्यासारखी वळे. तिथे खिडकीतून कवडसा पडला होता. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, त्याने सेन्सरचे डोळे दिपत होते. आईने पडदा ओढला, गाडी शहाण्यासारखी पुढे गेली.

त्या रात्री मी अशा यंत्रांविषयी वाचत बसले आणि ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांच्यापाशी पोचले. मेंदूचा अभ्यास करणारा हा माणूस. १९४८-४९ मध्ये त्यांनी एल्मर आणि एल्सी नावाची दोन यंत्रकासवं केली. तीन चाकं, एक प्रकाश टिपणारा डोळा आणि जुन्या रेडिओत असत तसे दोन व्हॉल्व्ह. संगणक नाहीच! कासव उजेडाकडे जाई, अडथळ्याला धडकलं की वाट बदली, बॅटरी उतरत आली की दिवा लावलेल्या आपल्या घरकुलात परते. त्याच्या पुढच्या बाजूचा छोटा दिवा उजेड दिसला की विझे. आता त्याला आरशापुढे ठेवलं तर? स्वतःचाच दिवा दिसतो, म्हणून तो विझतो. विझला की उजेड गेला, म्हणून पुन्हा लागतो. कासव आरशापुढे लुकलुकत नाचायला लागे! १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये लोकांनी ही कासवं पाहिली. मैत्रिणीकडचा केर काढणारा रोबो चार्जिंग संपत आलं की पलंगाखालून निघून आपल्या जागी जातो, तो मी वर्षभर पाहतेय. तो त्या एल्सीचा वंशज आहे, हे मला आत्ता कळतंय!

आता पाच सेन्सरांची पट्टी आणायची आहे, म्हणजे रेघ किती सरकली तेवढंच वळता येईल, आणि काटकोनही जमतील. यादी लिहून झाली आहे. भाच्याची सुट्टी संपायला चार दिवस आहेत आणि आम्ही दोघं झोपायला तयार नाही.

आज दुपारी आईने गाडीच्या पाठीवर, बॅटरीच्या डब्यावर प्राजक्ताची दोन फुलं ठेवली आणि उंबऱ्यापाशी सोडून दिली. फुलं देवघरापर्यंत पोचली, एकही पडलं नाही. मग तिने खडू पुन्हा पाण्यात बुडवला आणि दाराबाहेर पाहिलं.

"अंगणातही फरशीच आहे," ती म्हणाली. "ऊन उतरलं की नेऊ."